हौशी खेळाडू आणि स्पर्धेचे दार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात जत येथे झालेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा केली आणि विषय मात्र आमच्यावरच सोपविला. सेवानिवृत्त शिक्षकास विषय आणि वेळ दोन्ही मोकळी देणे किती धोक्याचे असते, याचा अनुभव त्यांस अद्यापि आलेला नसावा. तथापि आम्ही घड्याळ समोर ठेवूनच उभे आहोत. शिक्षण, वसतिगृह, विवाहातील अनावश्यक खर्च या विषयांवर येथे दरवर्षी अधिकारी व्यक्तींची भाषणे होतात. यंदा आम्ही खेळाविषयी बोलणार आहोत. सुटीतली करमणूक या अर्थाने नव्हे. एखादा मुलगा घरच्या घरी हौसेने एखादा खेळ खेळू लागतो, गावात त्यास कोणी हरवीनासे होते, आणि मग एके दिवशी त्याच्या मनात येते की आपण खऱ्या स्पर्धेत उतरावे. तेथून पुढे काय घडते, हा आमचा विषय आहे.

विषय सुचण्यास कारण घडले ते आपणां पालकांचेच. गेल्या तीन-चार वर्षांत आमच्याकडे एकच गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. “गुरुजी, पोरगं रातभर मोबाईलवर गेम खेळतंय. बोललं तर म्हणतंय, ह्यातच मी नाव काढणार.” बाप हे सांगत असतो तेव्हा पोरगे शेजारीच खाली मान घालून उभे असते, आणि दोघांचीही अपेक्षा अशी की गुरुजींनी आपल्या बाजूने निकाल द्यावा. आम्ही निकाल देत नाही, आम्ही मुलास एवढेच विचारतो की, “तू कालचा हरलेला डाव मला सांगू शकतोस का?” बहुतेकांस सांगता येत नाही. या प्रश्नाकडे आपण पुढे येऊ.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाईलवर व संगणकावर खेळावयाचे खेळ म्हणजे सगळा जुगार, असे आपल्यांपैकी पुष्कळांस वाटते. वस्तुतः ई-स्पोर्ट्स या नावाने त्यांच्या रीतसर स्पर्धा होतात. जकार्ता येथे २०१८ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांचे प्रात्यक्षिक झाले, आणि त्यात भूजच्या तीर्थ मेहता या तरुणाने कांस्यपदक मिळविले. हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये झाल्या, तेव्हा या खेळांस प्रत्यक्ष पदके होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने हा विषय क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला त्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ बंद करण्याचे ठरविले व ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता दिली. म्हणजे पैसे लावून पत्ते कुटणारा पोर वेगळा आणि स्पर्धेत उतरू पाहणारा वेगळा, हा भेद आता सरकारदरबारीही झालेला आहे. तो आपण घरातही केला पाहिजे.

परंतु त्या मुलांस आम्ही आणखी एक गोष्ट सांगतो. या खेळांचे मैदान कोणाच्या तरी मालकीचे असते. आपल्या मुलांच्या तोंडी ज्या पब्जीचे नाव असे, तो खेळ सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केला. जुलै २०२१ मध्ये तो दुसऱ्या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दिसेनासा झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. ज्यांनी दोन-दोन वर्षे रात्रीचा दिवस करून त्यात हात बसविला होता, त्यांचे मैदान एका रात्रीत नाहीसे झाले. कुस्तीचा हौदा असा नाहीसा होत नाही. कबड्डीचे अंगण कोणा कंपनीस बंद करता येत नाही. आणि चौसष्ट घरांचा पट तर कोळशाने शाळेच्या फरशीवरही काढता येतो.

येथे आम्ही आमच्या खऱ्या विषयावर आलो. हौशी मुलास स्पर्धेत कसे शिरावे हे शिकावयाचे असेल, तर ज्या खेळाची वाट आपल्याच जिल्ह्यात पूर्वीच मळलेली आहे, तो खेळ पाहावा. तो खेळ बुद्धिबळ. मोबाईलवर मुले हल्ली बुद्धिबळही पुष्कळ खेळतात, आणि टाळेबंदीच्या दोन वर्षांत तर घरोघरी त्याचे वेड लागले. त्यातून आमच्या तालुक्यात बरे हौशी खेळाडू निपजले आहेत. प्रश्न एवढाच की ते दाराशी येऊन थांबतात.

सांगलीचे बुद्धिबळाशी नाते आम्ही नव्याने सांगावे असे नाही, परंतु आपल्या मुलांस ते ठाऊक नाही, असे आमच्या ध्यानी आले आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि वर्षानुवर्षे उन्हाळ्याच्या सुमारास बुद्धिबळाचा महोत्सव भरविला. त्यांच्याजवळ शिकून भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, या राष्ट्रीय महिला अजिंक्यपदावर पाच वेळा पोहोचल्या, १९९१ साली आशियाई अजिंक्यवीर झाल्या. पद्मश्री व अर्जुन पुरस्कार यांनी त्यांचा गौरव झाला. स्वाती घाटे याही सांगलीच्याच. त्या वुमन ग्रँडमास्टर झाल्या. हे सर्व मुंबईपुण्यात घडलेले नाही, आपल्या जिल्ह्याच्या गावी घडलेले आहे. जतेहून तेथे एस्.टी.ने अडीच-तीन तासांत जाता येते. (आगगाडीचे नाव काढू नये. जत रोड नावाचे स्टेशन आहे खरे, परंतु ते जतेपासून इतके दूर आहे की नाव कोणी व कोणत्या हेतूने ठेवले असावे, याचा उलगडा आम्हांस छत्तीस वर्षांच्या नोकरीत झाला नाही.)

मग जतेतून तेथवर का कोणी जात नाही? “आपल्याकडे तेवढी बुद्धी नाही” हे उत्तर आम्ही ऐकूनही घेणार नाही. आम्ही लहानपणी देशी बुद्धिबळ शिकलो ते पारावर. त्यात प्याद्यास पहिल्या चालीला दोन घरे नसत, किल्लेकोट नसे, राजाला मात्र एकदा घोड्यासारखी उडी घेता येई, आणि प्यादेमात करणाऱ्याचा मान काही और असे. ज्यांना धड सही करता येत नसे अशी माणसे चार-चार चाली पुढचे सांगत. त्यांच्यातल्या एखाद्यास कोणी बाहेर नेले असते तर काय झाले असते, याचे उत्तर इतिहासात आहे. पंजाबातील मीर सुलतान खान हा असाच देशी रीतीने खेळणारा खेड्यातला माणूस. सर उमर हयात खान या सरदाराने त्यास आश्रय दिला, त्याच्याकडून परदेशी नियम गिरवून घेतले. १९२८ मध्ये तो अखिल भारतीय विजेता झाला, १९२९ मध्ये त्यास विलायतेस नेले, आणि त्याच वर्षी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकले. हेस्टिंग्ज येथे त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका यास हरविले. डावाच्या आरंभीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान त्यास जवळजवळ नव्हते. १९३३ च्या अखेरीस मालक परत निघाला तसा तोही परत आला, आणि तेथे त्याची मोठ्या स्पर्धांची कथा संपली. जागतिक संघटनेने त्यास सन्मान म्हणून ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ मध्ये. त्याच्या मृत्यूस तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.

या कथेतील दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. त्यास नवे नियम कोणीतरी बसून शिकविले, आणि त्याचा प्रवासखर्च कोणीतरी केला. आज आपल्यांत उमर हयात खान कोणी नाही. नसलेलेच बरे, कारण मालक गेला की खेळाडूही गेला.

आता आजची पायरी कशी आहे ते सांगतो, कारण ती ठाऊक नसल्यामुळेच निम्मी मुले मागे राहतात. जागतिक बुद्धिबळ महासंघ, ज्यास फिडे म्हणतात, प्रत्येक स्पर्धक खेळाडूस एक अंक देतो. त्यास रेटिंग म्हणावयाचे. ही मोजदाद अर्पाड एलो या अमेरिकेतील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने बसविली आणि फिडेने ती १९७० साली स्वीकारली. तिचे मर्म सोपे आहे. तुमच्याहून शंभर गुणांनी वरचढ असलेल्याशी दहा डाव झाले, तर तुम्ही साडेतीनच्या थोडे वर गुण मिळवावेत अशी अपेक्षा धरली जाते. अपेक्षेहून अधिक मिळविले तर अंक वाढतो, कमी मिळविले तर उतरतो. नव्या व लहान खेळाडूचा अंक वेगाने हलतो. अशा मुलाने शंभर गुणांनी वरच्यास एकदा हरविले तर त्याचे पंचवीस गुण वाढतात, हरला तर चौदाच जातात. सावकारी व्यवहारात असली सवलत आम्ही कधी पाहिली नाही.

पहिले रेटिंग मिळविण्यास मात्र रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात, आणि पहिल्या स्पर्धेत त्यांच्याविरुद्ध निदान अर्धा गुण तरी मिळवावा लागतो. सव्वीस महिन्यांच्या आत हे पाच डाव जमले पाहिजेत, आणि हिशेब चौदाशेच्या खाली आला तर नाव यादीत लागत नाही. मार्च २०२४ पूर्वी ही तळरेषा हजारावर होती. वरती पाहिले तर चोवीसशेला इंटरनॅशनल मास्टर, पंचवीसशेला ग्रँडमास्टर. त्यासाठी निव्वळ अंक पुरत नाही, तोलामोलाच्या स्पर्धांत तीन वेळा ठराविक दर्जाचा खेळ करून दाखवावा लागतो, त्यास नॉर्म म्हणतात. आपला आजचा विषय त्या कळसाचा नाही. आपण उंबरठ्याविषयी बोलत आहोत.

रेटिंग असलेल्यांशी पाच डाव! हे वाक्य पुण्यात वाचा आणि संखला वाचा. पुण्यातल्या मुलास ते शनिवार-रविवारचे काम आहे. आमच्या पूर्वभागातल्या मुलास असा एक प्रतिस्पर्धी पाहण्यासाठीसुद्धा तालुका ओलांडावा लागतो. मोबाईलवर तो रशियातल्या माणसाशी रोज खेळतो, आणि त्या खेळाचा फिडेच्या वहीत एक गुणही जमा होत नाही.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाची हकीकत सांगतो. त्याचे नाव घेत नाही, कारण तो याच सभागृहात आहे आणि आधीच तोंड लपवू लागला आहे. वडिलांची डाळिंबाची बाग. तेल्या रोगाने दोन हंगाम घालविले. मुलगा दहावीत. टाळेबंदीत काकांच्या जुन्या मोबाईलवर लिचेस नावाच्या संकेतस्थळावर तो बुद्धिबळ खेळू लागला. हे संकेतस्थळ फ्रान्समधील एक संस्था नफा न घेता चालविते. खेळण्यास व शिकण्यास तेथे एक पैसा लागत नाही, हे पालकांनी टिपून घ्यावे. तेथील दहा-दहा मिनिटांच्या डावांत त्याचा अंक अठराशेच्या वर गेला. त्यास वाटले, आपण आता तयार झालो. गेल्या उन्हाळ्यात बापलेक नऊ फेऱ्यांच्या एका रेटिंग स्पर्धेस गेले.

पहिल्याच फेरीत समोर आली ती आठ वर्षांची मुलगी. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. सत्ताविसाव्या चालीला या अठराशेच्या वीराने हात पुढे करून हार पत्करली. मागाहून त्याने आम्हांस सांगितले की तिच्या खेळापेक्षा तिच्या स्वस्थपणाचीच त्यास भीती वाटली; ती एक चाल करी, कागदावर लिही, आणि पुन्हा पटाकडे पाही. मोबाईलवर बोट उचलले की चाल बदलता येते. येथे मोहऱ्यास हात लागला की तेच मोहरे खेळावे लागते. दुसऱ्या फेरीत त्याचा हात उंटास लागला, हलवावयाचा होता घोडा, आणि तो डाव तेथेच गेला. प्रत्येक चाल लिहिण्याची सक्ती असते. याने तोवर एकही डाव लिहिला नव्हता. तिसऱ्या फेरीत लिहिताना चाली मागेपुढे झाल्या आणि पंचांनी त्यास हाक मारून दुरुस्त करावयास लावले. वेळ दीड तासाचा आणि दर चालीस तीस सेकंदांची भर. दहा मिनिटांत डाव उरकण्याची सवय असलेल्या मुलाने दीड तासापैकी पंचवीस मिनिटे वापरली आणि उरलेला वेळ हरलेला डाव घेऊन तो बाहेर बसला. तेथे स्विस पद्धतीने जोड्या लागतात, म्हणजे जिंकणाऱ्याची गाठ जिंकणाऱ्याशी व हरणाऱ्याची हरणाऱ्याशी. तीन फेऱ्यांनंतर तो सभागृहाच्या अगदी शेवटच्या टेबलांवर होता, पंख्याखाली नव्हे, दाराशी.

त्या रात्री बापाने घरी परतण्याची गोष्ट काढली. वहीत त्याने खर्च मांडून ठेवला होता: प्रवेशफी, दोघांचे भाडे, खोली, जेवण, पाच दिवसांचा आकडा आठ हजारांच्या पुढे जात होता. मुलगा नाही म्हणाला. फी तर भरलेली आहे, उरलेले डाव खेळूनच जाऊ, एवढेच त्याचे म्हणणे. त्याने पुढील सहा फेऱ्यांत एक डाव जिंकला, एक बरोबरीत सोडविला आणि रेटिंग नसलेल्या दोघांस हरविले. रेटिंग असलेल्यांशी त्याचे सहा डाव झाले, त्यांत दीड गुण. पुढच्या महिन्याच्या यादीत त्याचे नाव लागले, अंक साडेचौदाशेच्या थोडा वर. मोबाईलवरचा अठराशे आणि हा साडेचौदाशे यांत मोठा कोणता, असे आम्ही त्यास विचारले. त्याने दिलेले उत्तर आम्हांस आवडले. तो म्हणाला, “गुरुजी, तो अंक कंपनीचा आहे, हा माझा आहे.” कंपनी नव्हे, संस्था, ही दुरुस्ती आम्ही केलीच, परंतु मुद्दा त्यास कळला होता.

पण आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती त्याने पिशवीतून काढलेली नऊ कागदांची चळत. नऊ डावांच्या लिहिलेल्या चाली. आता दर रविवारी तो आमच्याकडे येतो. आम्ही काही मोठे खेळाडू नव्हे, आमचे शिक्षणही मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. आम्ही फक्त कागदावरची चाल मोठ्याने वाचतो आणि तो पटावर मांडतो. जेथे डाव फिरला तेथे थांबावयाचे आणि त्याने सांगावयाचे की त्या वेळी मनात काय होते. त्या आठ वर्षांच्या मुलीचा डाव आम्ही चार रविवार पाहिला. चौथ्या रविवारी त्यास उमगले की चूक विसाव्या चालीत नसून अकराव्या चालीत आहे. हौशी खेळाडू हरला की नवा डाव सुरू करतो, बोटाच्या एका टिचकीत. स्पर्धक तोच डाव पुन्हा मांडतो. आरंभी सांगितलेला आमचा प्रश्न, “कालचा हरलेला डाव सांगता येतो का”, हा यासाठीच असतो. आणि तो बुद्धिबळासच नव्हे, तर मोबाईलवर बंदुका चालविणाऱ्या मुलांसही तितकाच लागू आहे. त्यांच्यातले जे खरोखर स्पर्धेत पोहोचतात ते आपल्या खेळाचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहत बसतात.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे बोलणे अवश्य आहे. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्म १८७२ चा, सांगलीचा. त्यांच्या पणत्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या मुंबईत वाढल्या. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा बंगळूर येथे १९७४ साली झाली, ती वासंतीने जिंकली. पुढे कित्येक वर्षे ते अजिंक्यपद या तीन बहिणींतच फिरत राहिले. पण रोहिणीचे समाधान तेवढ्याने झाले नाही. १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, निकाल तिच्या बाजूने लागला, आणि शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष माक्स युवे यांस असे जाहीर करावे लागले की स्त्रियांस राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही. दार उघडत नव्हते, तेव्हा या मुलीच्या वडिलांनी दाराशी भांडण केले. त्यानंतर अर्धशतकाने, जुलै २०२५ मध्ये, नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होत्या. दिव्या एकोणीस वर्षांची, मानांकन पंधरावे, आणि ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तोवर तिच्या पदरी नव्हता. या एका विजयाने किताब थेट तिच्या हाती आला.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. दिव्याचे आईवडील डॉक्टर आहेत. नाशिकच्या विदित गुजराथी याचेही आईवडील वैद्यक व्यवसायातले. त्यांच्या मुलांचे कष्ट यामुळे तिळभर कमी होत नाहीत, आणि त्या आईबापांनी मुलांपायी जे सोडले त्याचे कौतुकच केले पाहिजे. पण डाळिंबाच्या बागेत आणि दवाखान्यात फरक आहे. वर्षातून पाच-सहा स्पर्धा खेळल्याशिवाय अंक हलत नाही, आणि आठ हजारांस पाच-सहांनी गुणण्यास बुद्धिबळ यावे लागत नाही. आमच्या भागात म्हैसाळच्या पाण्याची वाट पाहण्यात एक पिढी गेली. त्या पिढीच्या मुलांस “हौस असेल तर स्वतःच्या जोरावर पुढे या” असे सांगणे आम्हांस जमत नाही.

त्या मुलास आम्ही खोटी आशाही लावलेली नाही. सोळाव्या वर्षी पहिले रेटिंग मिळविणारा ग्रँडमास्टर होईल, अशी शक्यता नसल्यासारखीच आहे. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता होऊन बसला आहे. परंतु स्पर्धेचा सगळा अर्थ शिखरावर साठविलेला नसतो. अठराशे-एकोणीसशेपर्यंत तो जाऊ शकेल. विद्यापीठाच्या संघात येईल. पंचांची परीक्षा देऊन पंच होता येते, मुलांस शिकविता येते, आणि खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा आहेत, जरी त्यांच्या अटी कडक असल्या तरी. दहावीची परीक्षा मात्र त्याने मोबाईल काकांकडे परत देऊन द्यावयाची, असा आमचा आणि त्याचा करार आहे. तो त्याने आजवर पाळला आहे. (अलीकडे स्पर्धेच्या सभागृहातही मोबाईल नेता येत नाही, खिशात सापडला तर डाव जातो. ज्या यंत्राने त्यास खेळ शिकविला तेच यंत्र दाराबाहेर ठेवून आत जावे लागते.)

आता मंडळाविषयी. आपले मंडळ दहावी-बारावीच्या गुणवंतांस दरवर्षी बक्षिसे देते आणि कोणी राज्यपातळीवर चमकले तर शाल, श्रीफळ व मानपत्र देते. हे योग्यच आहे. परंतु मानपत्र जिंकल्यानंतर मिळते, आणि मुलास पैशाची गरज असते ती हरण्याच्या काळात. म्हणून आम्ही कार्यकारी मंडळापुढे असा प्रस्ताव ठेवला आहे की शिष्यवृत्ती निधीच्या व्याजातून दरवर्षी पाच मुलामुलींची दोन-दोन मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रवेशफी आणि प्रवासभाडे द्यावे. खेळ कोणताही असो, कुस्ती, खो-खो, बुद्धिबळ, अथवा ज्यात पैसे लावले जात नाहीत असा ई-स्पोर्ट्स. पाचांपैकी दोन जागा मुलींसाठी राखून ठेवाव्या. जिंकलाच पाहिजे अशी अट घालू नये. अट एकच असावी की परत आल्यावर त्याने प्रत्येक डावाची अथवा सामन्याची लेखी नोंद मंडळाकडे आणून दाखवावी. काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे पडले की शिक्षणासाठी ठेवलेला निधी खेळात घालवू नये. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण नऊ डाव हरूनजिंकून, लिहून आणून, चार रविवार एका चुकीचा माग काढणे हे शिक्षण नव्हे काय, हे त्यांनी आम्हांस समजावून सांगावे. छत्तीस वर्षे वर्गात उभे राहून आम्हांस याहून वेगळे शिक्षण फारसे देता आले नाही.

दरम्यान, पैसे न लागणारी सोय आम्ही सुरू केली आहे. मंडळाच्या कार्यालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी चार ते सहा पट मांडले जातील. आज चार पट आहेत, त्यांपैकी एकाचा काळा हत्ती हरवला असल्याने त्या जागी आम्ही खडूची डबी ठेवतो. दोन गजरांचे स्पर्धेचे घड्याळ एकच आहे. ज्यांच्या घरी मोहरी माळ्यावर पडून असतील त्यांनी ती चिटणीसांकडे पोहोचवावी. पूर्वभागातील मुले दर रविवारी येऊ शकणार नाहीत. उमदी व माडग्याळ येथे कोणी शिक्षक अथवा निवृत्त गृहस्थ खोली आणि दोन तास देण्यास तयार असतील तर आम्ही महिन्यातून एकदा तेथे येऊ.

प्रस्ताव दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे, विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर. अनुभव असा की जेवणानंतर पाचव्या विषयापर्यंत निम्मी मंडळी एस्.टी. गाठण्यासाठी उठतात. संखकडील बंधूंसाठी परतीच्या जीपची व्यवस्था चिटणीसांनी केलेली आहे. तरी सातवा विषय होईपर्यंत कृपया थांबावे.